वंशावळीसाठी सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? खान्देशातल्या घरांतून येणारे नेहमीचे प्रश्न

धुळे, जळगाव, नंदुरबार आणि तिथून उधना-सुरत, नाशिक, पुण्याकडे गेलेल्या घरांतून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही, पण दुसरा प्रश्न सोडू नका.

जात पडताळणीसाठी केलेली वंशावळ घरात आहे. मग सॉफ्टवेअर कशाला?

ती वंशावळ एकाच कामासाठी केलेली असते. अर्जदारापासून निघायचं आणि ज्याच्या कागदावर जातीची जुनी नोंद आहे त्या पूर्वजापर्यंत पोचायचं. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा हाती आला की शोध थांबतो. त्यामुळे तिच्यात आजोबा, पणजोबा आणि त्यांचे भाऊ एवढेच दिसतात. आजी कुठल्या गावची, आत्या कुठे दिल्या, पणजोबांनी मूळ गाव का सोडलं, यातलं काहीही समितीला लागत नाही.

तरी सुरुवात तिच्यापासूनच करा. शपथपत्राला जोडलेले शाळेचे दाखले आणि उतारे हा आयता पुरावा आहे. फाइल ज्या चुलत्याकडे असेल त्याच्याकडून पानन् पान स्कॅन करून घ्या. पुतण्याच्या, भाचीच्या अर्जासाठी ती घरोघर फिरत असते आणि एखाद्या फेरीत परत येत नाही.

मग निवडताना नेमकं काय बघायचं?

जाहिरातीत रंगीत झाड दाखवतात. झाड कोणताही प्रोग्रॅम काढतो, त्यावर भुलू नका. तीन गोष्टी तपासा.

पहिली, देवनागरी. नाव टाइप करता येणं पुरेसं नाही; शोधता आलं पाहिजे आणि पीडीएफमध्ये नीट उमटलं पाहिजे. त्र्यंबक, द्वारकाबाई, कृष्णा, ज्ञानेश्वर, श्रीपत ही पाच नावं भरा, तक्ता काढा, पीडीएफ करा आणि तो दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडा. जोडाक्षरं फुटली किंवा वेलांटी भलत्या अक्षरावर गेली तर तो प्रोग्रॅम मराठी घराच्या कामाचा नाही. काही जुन्या प्रोग्रॅममध्ये नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात.

दुसरी, पुरावा. प्रत्येक माहितीला 'हे कुठून कळलं' हे जोडता आलं पाहिजे, आणि एकाच गोष्टीबद्दल दोन कागद वेगवेगळं सांगत असतील तर दोन्ही ठेवता आले पाहिजेत. शाळेच्या दाखल्यावर पणजोबांचं नाव 'सुका', फेरफारात (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत) 'सुकदेव', तर थोरल्या काकांच्या तोंडी 'सुकलाल' असं हमखास होतं. प्रोग्रॅम एकच नाव ठेवू देत असेल तर बाकीची दोन पाच वर्षांत विसरली जातील.

तिसरी, बाहेर पडायची वाट. सगळी माहिती जेडकॉम या फाइलमध्ये काढता आली पाहिजे. वंशावळीच्या प्रोग्रॅमांची ही सामाईक बोली १९८४ मध्ये अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चने आणली. आजही सर्वांत चालते ती ५.५.१ ही आवृत्ती, आणि २०२१ मध्ये ७.० आली. जेडकॉम देत नाही त्या प्रोग्रॅमकडे बघूही नका, फुकट असला तरी.

नावं सांगा. आमच्यासाठी कोणता?

संगणक असेल आणि थोडा धीर असेल तर ग्रॅम्प्स. मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, २००१ पासून चालू आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. माहिती तुमच्याच संगणकावर राहते. एका माणसाला कितीही नावं देता येतात, वडिलांचं नाव आणि आडनाव वेगळं नोंदवता येतं, प्रत्येक पुराव्यावर विश्वास किती याची 'अगदी कमी' ते 'अगदी जास्त' अशी पायरी लावता येते. गावांची उतरंडही तारखांसकट ठेवता येते. ती खान्देशात का लागते ते पुढे येईल. वाईट बाजू म्हणजे पहिल्या दिवशी तो अंगावर येतो. माणूस वेगळा, कुटुंब वेगळं, घटना वेगळी, पुरावा वेगळा, अशा खिडक्यांमागून खिडक्या उघडत जातात. पहिला आठवडा फक्त माणसं आणि कुटुंबं या दोनच भागांत काढा.

ते जड वाटलं तर रूट्समॅजिक. विंडोज आणि मॅकवर चालतो, मोफत आवृत्ती आहे, पैसे भरल्यास जास्त सोयी मिळतात. स्क्रीन सुटसुटीत, पुरावे नोंदवायची सोय चांगली. विकत घेण्याआधी मोफत आवृत्तीवर वरची पाच नावांची परीक्षा जरूर घ्या, विशेषतः छपाईची.

सुरतेचा भाऊ, पुण्याची बहीण आणि गावाकडचे काका अशा सगळ्यांना एकाच वंशावळीत भर घालायची असेल तर ग्रॅम्प्स वेब किंवा वेबट्रीज. दोन्ही ब्राउझरमध्ये चालतात आणि कोणाला काय दिसावं हे तुम्ही ठरवता. मात्र ते सर्व्हरवर बसवावे लागतात, म्हणून घरात एखादा संगणकवाला पोरगा हवा. तो नोकरीसाठी परदेशी गेला की सर्व्हर कोण बघणार, हेही आधीच ठरवा.

फॅमिलीसर्च, मायहेरिटेज, जेनी, अँसेस्ट्री ही संकेतस्थळं वेगळ्या जातीची आहेत. त्यांच्याबद्दल खाली.

मेन्यू मराठीत हवा म्हणून अडून बसू नका. मेन्यू दहा दिवसांत पाठ होतो. आत भरलेली नावं मराठीत राहिली म्हणजे झालं.

एक्सेल काय वाईट आहे?

यादी करायला उत्तम. पण एका माणसाच्या दोन बायका, त्यातल्या एकीचा मुलगा चुलत्याला दत्तक, असं आलं की एक्सेलच्या ओळी हात टेकतात. आधीच भरलेलं असेल तर वाया जाणार नाही. ग्रॅम्प्समध्ये एक्सेलमधून काढलेली सीएसव्ही फाइल ठराविक रकान्यांच्या नावांनी आत घेता येते.

फक्त मोबाइल आहे. चालेल?

गोळा करायला मोबाइलसारखं साधन नाही. काकूंचा आवाज रेकॉर्ड करा, पत्रिकेचा फोटो काढा, ओट्यावर बसल्या बसल्या नाव-गाव लिहून घ्या. मांडणीचं काम मात्र मोठ्या स्क्रीनवर करा. मोबाइलवर पिढ्या दिसतात, पुरावे दिसत नाहीत, आणि मग पुरावे भरायचा कंटाळा येतो. गावातल्या सेवा केंद्रातला किंवा भाच्याचा संगणक आठवड्यातून एक दुपार मिळाला तरी भागतं.

आमच्याकडे सगळेच पाटील. आडनावाच्या जागी काय भरू?

खान्देशातला हा सर्वांत चिवट प्रश्न. पाटील, देशमुख, चौधरी, महाजन ही कित्येक घरांत वतनाची किंवा मानाची ओळख, आणि त्याखाली पवार, बोरसे, देवरे, निकम, सोनवणे, भामरे असं कूळ. एका भावाच्या मुलांनी शाळेत पाटील लावलं, दुसऱ्याच्या मुलांनी पवार. फेरफारात आडनावच नाही, नुसतं 'धोंडू वल्द गोविंदा', म्हणजे गोविंदाचा मुलगा धोंडू.

मुख्य नाव म्हणून, तो माणूस हयातभर ज्या नावाने कागदोपत्री होता ते भरा. बाकीची सगळी 'पर्यायी नावे' म्हणून जोडा, प्रत्येकाला आपापला कागद लावून. कूळ वेगळ्या गुणधर्मात ठेवा, म्हणजे पुढे 'कूळ बोरसे' असे सगळे एका झटक्यात वेगळे काढता येतील. सगळ्यांना सरसकट पाटील करू नका, आणि आज कोणाला वाटतं म्हणून जुन्या माणसांना मागाहून पवारही करू नका.

घरची नावंही भरा. जिभाऊ, आप्पा, नाना, बापू, तात्या. म्हातारी माणसं गोष्ट सांगताना 'मधले जिभाऊ' म्हणतात, दाखल्यावरचं नाव त्यांना आठवतही नाही. टोपणनावाची जागा रिकामी राहिली तर रेकॉर्ड केलेली मुलाखत दहा वर्षांनी कोणाबद्दल होती ते कळणार नाही.

आणि शुद्धलेखन ठरवून घ्या. पाटील की पाटिल, रघुनाथ की रघूनाथ. प्रोग्रॅमांत सारख्या उच्चाराची नावं शोधणारी साउंडेक्स नावाची सोय असते, पण ती रोमन अक्षरांसाठी बनलेली. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पडला की नाव सापडत नाही.

बायकांची नोंद कशी करायची? माहेरचं नावच कोणाला ठाऊक नाही.

याच प्रश्नावर बहुतेक वंशावळी अर्ध्या राहतात. कानबाई या श्रावणातल्या सणाच्या रोटांना काही घरांत कुळातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा मूठ धान्य काढतात; भाऊबंदांची ती तोंडी वंशावळच असते, आणि तिच्यात लेकी-सुना नसतात. कागदावरची वंशावळही त्याच वळणाची.

जगभर प्रोग्रॅमांचा रिवाज असा की बाई माहेरच्या आडनावाने भरायची आणि सासरचं नाव पर्यायी म्हणून जोडायचं. हा रिवाज पाळा. लग्नात पहिलं नाव बदललं असेल तर दोन्ही लिहा. माहेरचं आडनाव माहीत नसेल तर रकाना रिकामा सोडा. तिथे सासरचं आडनाव दडपलं तर पुढच्या माणसाला ते खरंच वाटेल. माहेरचं गाव मात्र कोणाला ना कोणाला आठवतंच, कारण सासरी तिला त्या गावाच्या नावाने ओळखत.

नावं कुठे सापडतात? वारसाच्या फेरफारात विधवा आणि मुली नावानिशी येतात. गंधमुक्तीच्या आणि उत्तरकार्याच्या पत्रिकांत मुली, जावई, व्याही छापलेले असतात. आणि सर्वांत दुर्लक्षित कागद म्हणजे आहेराची वही. कोणाच्या लग्नात कोणत्या गावच्या कोणत्या पाहुण्याने काय आहेर केला, हे ओळीने लिहिलेलं. मामाचा आहेर कोणाकडून आला ते बघितलं की आईचं माहेर मिळतं. ट्रंकेतली वही वाळवीने खाण्याआधी फोटो काढा, आणि प्रोग्रॅममध्ये ती एक स्वतंत्र स्रोत म्हणून भरा, म्हणजे तिच्यातून निघालेल्या प्रत्येक नावाला तेच पान जोडता येईल.

मामाच्या मुलीशी लग्न, दोन बायका, दत्तक, पाट. प्रोग्रॅम गोंधळणार नाही का?

बरा प्रोग्रॅम गोंधळत नाही, गोंधळतो तक्ता. मामे-आतेभावंडांचं लग्न असेल तर तेच आजोबा-आजी तक्त्यात दोनदा येतात. ती चूक नव्हे. मात्र 'ही दोन माणसं एकच आहेत का' असं प्रोग्रॅमने विचारलं तर नीट बघून होकार द्या, आणि एकाच माणसाच्या दोन नोंदी करू नका.

दत्तक गेलेल्याला दोन्ही कुटुंबांत ठेवायचं. ग्रॅम्प्समध्ये आईशी आणि वडिलांशी नातं वेगवेगळं नोंदवता येतं, जन्माचं की दत्तक. दत्तकपत्र असेल तर त्याचा फोटो जोडा. पाटाचं लग्न, म्हणजे बाईचं पुनर्लग्न, हेही लग्नच; वेगळं कुटुंब करून प्रकारात 'पाट' लिहा. कोणी लपवा म्हणालं तर ती नोंद खासगी करा, पण पुसू नका. घरजावयाची मुलं आजोळच्या आडनावाने शाळेत गेलेली असतात, तेही टिपेत लिहून ठेवा.

नात्यांची नावं प्रोग्रॅम इंग्रजीतून सांगेल तेव्हा चुलत, आते, मामे, मावस सगळे एकच 'कझिन' होतील. त्याकडे दुर्लक्ष करा.

घरात सगळ्यांचीच जन्मतारीख १ जून आहे. काय भरू?

तुमच्याच नाही, महाराष्ट्रातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची असावी! जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, गुरुजी अंदाजाने वर्ष धरायचे आणि दिवस १ जून घालायचे. म्हणून ती तारीख 'शाळेच्या रजिस्टरप्रमाणे' म्हणून भरा आणि पुराव्याचा विश्वास कमी ठेवा. शेजारी 'सुमारे १९३५' अशी दुसरी नोंद करा. जवळजवळ सर्व प्रोग्रॅममध्ये सुमारे, पूर्वी, नंतर, या दोन वर्षांच्या दरम्यान असे पर्याय असतात. थोरल्या भावाची तारीख धाकट्यानंतरची निघाली की काही प्रोग्रॅम इशारा देतात, तेव्हा १ जूनच्या मंडळींकडेच आधी बघा.

तिथी, शके, 'छपन्नच्या दुष्काळात जन्म' असं काही असेल तर?

जेडकॉममध्ये ग्रेगोरियन, ज्युलियन, हिब्रू आणि फ्रेंच क्रांतीची अशा दिनदर्शिका आहेत. शालिवाहन शक नाही. म्हणून तारखेच्या जागी इंग्रजी वर्ष आणि टिपेत मूळ शब्द जसेच्या तसे. शकात ७८ मिळवा. जानेवारी ते गुढीपाडवा या काळातलं असेल तर ७९. शके १८५८ च्या श्रावणातला जन्म म्हणजे १९३६. जुन्या मोडी कागदावर अरबी संख्याशब्दांत लिहिलेली सुहूर सन ही जुनी कालगणनाही येते, ती जाणकाराकडून उलगडून घ्या.

छपन्नचा दुष्काळ म्हणजे विक्रम संवत १९५६, इसवी सन १८९९-१९००. 'फैजपूरच्या काँग्रेसच्या वेळी मी पोटात होतो' असं एखादे आजोबा सांगत असतील तर अधिवेशन डिसेंबर १९३६ चं, म्हणजे जन्म १९३६ अखेर किंवा १९३७. इन्फ्लुएन्झाची साथ १९१८ ची. एकाच महिन्यात घरातले तिघे गेले असं कोणी सांगितलं तर त्या सालाच्या मृत्यू-नोंदी आधी बघा. अशा मोठ्या घटना प्रोग्रॅममध्ये एकदा भरून ठेवल्या की म्हाताऱ्यांची आठवण वर्षांत बसवणं सोपं जातं.

गाव कोणत्या जिल्ह्यात दाखवायचं? आमचं शहादा तालुक्यातलं.

कागद झाला तेव्हा ज्या जिल्ह्यात होतं त्या. १९०६ पर्यंत सगळा मिळून एकच खान्देश जिल्हा, मुख्य ठिकाण धुळे. त्या वर्षी पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले. महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास पूर्वेचा जळगाव आणि पश्चिमेचा धुळे झाला. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघाला. शहाद्याचं गाव जागचं हललं नाही, पण पणजोबा खान्देश जिल्ह्यात जन्मले, आजोबा पश्चिम खान्देशात, वडील धुळ्यात आणि तुमची मुलगी नंदुरबारमध्ये. १९६० मध्ये पश्चिम खान्देशातली काही गावं गुजरातेत गेली. मालेगाव-बागलाण तर १८६९ पूर्वी खान्देशात मोडत. जुने कागद कोणत्या कचेरीत शोधायचे ते यावर ठरतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

ग्रॅम्प्समध्ये गाव एकदाच भरायचं आणि 'अमुक सालापासून अमुक सालापर्यंत या जिल्ह्यात' असं खाली जोडायचं. ही सोय नसलेल्या प्रोग्रॅममध्ये गावाचं नाव आणि आजचा तालुका-जिल्हा लिहा, जुना जिल्हा टिपेत. सरदार सरोवरात गेलेल्या मणिबेलीसारख्या गावांची मूळ जागा नकाशावर खुणेने दाखवा; पुनर्वसनाचं गाव हे वेगळं ठिकाण म्हणून भरा.

कागद कुठे मिळतील, आणि ते मोडीत असले तर?

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, जन्म-मृत्यूच्या नोंदींसाठी. त्यात बऱ्याचदा बाळाचं नाव नसतं, नुसतं 'मुलगा' आणि बापाचं नाव. तेव्हा तो कितवा मुलगा हे इतर कागदांशी ताडून बघा. शाळेत प्रवेश-निर्गम रजिस्टर. जमिनीचे जुने सातबारे, फेरफार, वारस नोंदी तलाठी आणि तहसील कार्यालयात. बऱ्याच गावांचे स्कॅन सरकारच्या अभिलेखांच्या संकेतस्थळावर थोड्या शुल्कात दिसतात.

मोडीसाठी धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ ठाऊक असू द्या. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं निधन १९२६ मध्ये धुळ्यातच झालं आणि त्यांनी जमवलेल्या कागदपत्रांचा वारसा तिथे सांभाळला आहे. मोडी लिपी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, २०१४ पासून आहे, पण म्हणून प्रोग्रॅममध्ये मोडीत टाइप करत बसू नका. कागदाचा फोटो, खाली देवनागरी लिप्यंतर आणि लिप्यंतर कोणी केलं त्याचं नाव, एवढं पुरे. वाचणाऱ्याला शंका वाटलेला शब्द चौकटी कंसात ठेवा.

त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वह्या आणि भाटांच्या पोथ्या कितपत धरायच्या?

जरूर बघा. नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांकडे गावा-कुळाप्रमाणे यजमानांच्या नोंदी असतात. तिथे विधीला गेलेल्या पूर्वजाने स्वतः सांगितलेली नावं, कधी त्याची सही. त्या पूर्वजाच्या हयातीतली नोंद असेल तर ती भक्कम पुरावा. त्याने सांगितलेले आपले पणजोबा मात्र ऐकीव. एकाच पानावरच्या दोन माहितींना दोन वेगळे विश्वास लावता येणं इथे उपयोगी पडतं. हरिद्वारच्या अशा वह्यांचं चित्रीकरण फॅमिलीसर्चवर बघता येतं.

काही समाजांकडे भाट पोथी घेऊन येतात आणि वंश वाचून दाखवतात. अलीकडच्या चार-पाच पिढ्या कागदांशी जुळल्या तर त्या घ्या. त्यामागे वंश चित्तोडला किंवा थेट सूर्याला भिडत असेल, तर ती परंपरा म्हणून टिपेत ठेवा, झाडाला जोडू नका.

मायहेरिटेज, फॅमिलीसर्चवर आपोआप पूर्वज सापडतात म्हणतात. खरं?

युरोप-अमेरिकेतल्या घरांना सापडतात, कारण त्यांच्या चर्चची रजिस्टरं आणि जनगणना तिथे चढलेल्या आहेत. चोपड्याच्या किंवा साक्रीच्या घराला त्या इशाऱ्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. वर्षाची वर्गणी डॉलरमध्ये भरण्याआधी हे लक्षात घ्या. मोफत खात्यांत माणसांच्या संख्येवर किंवा सोयींवर मर्यादा येतात, आणि त्या कळतात त्या बरीच माणसं भरून झाल्यावर.

फॅमिलीसर्च पूर्ण मोफत आहे. पण तिथे सगळ्या जगाचं मिळून एकच झाड आहे. मयत माणसाची नोंद कोणीही बदलू शकतो. तुमच्या पणजोबांना दुसऱ्या पाटलांचा मुलगा करून टाकणारा माणूस कॅनडातही बसलेला असू शकतो. माझं मत असं की मूळ प्रत घरच्या संगणकावर ठेवावी आणि अशा ठिकाणी हवं तर फक्त मयत माणसांची, तीही जुन्या पिढ्यांची, प्रत चढवावी.

डीएनए चाचणी?

कागदाचं काम संपल्याशिवाय नाही. जुळायला आपल्याकडची माणसं चाचणी करणाऱ्या कंपन्यांच्या साठ्यात फार कमी आहेत.

वंशावळ काढतो म्हटलं की भाऊबंद विचारतात, 'तुले वाटनी जोयजे का?' (तुला वाटणी हवी का?)

विचारणारच. गावात वंशावळ निघते ती वाटणीच्या किंवा वारसाच्या वेळी, आणि २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना बरोबरीचा हक्क मिळाल्यापासून लेकींची नावं लिहिणाऱ्याकडे जरा जास्तच संशयाने बघतात. म्हणून पहिल्या भेटीत जमिनीचा उताराच मागू नका. जुने फोटो घेऊन जा, ओळखायला लावा. कानबाईला सुरत-मुंबईची माणसंही घरी येतात. त्या रविवारी सगळे एकत्र असतात, सोमवारी विसर्जनानंतर थोडी सवड मिळते. तक्त्याचा मोठा कागद भिंतीला लावा आणि बाजूला पेन ठेवा. चुका दुरुस्त करायला लोकांना फार आवडतं, आणि रिकाम्या चौकटी बघून म्हाताऱ्या बायका आपणहून बोलू लागतात.

प्रोग्रॅममध्ये हयात माणसांना खासगी ठेवायची सोय असतेच. तक्ता व्हॉट्सॲपवर टाकण्याआधी ती चालू करा. हयातांच्या पूर्ण जन्मतारखा, आधार कार्डाचे फोटो, आजारपण, मोडलेली लग्नं बाहेर जाता कामा नयेत. आईचं माहेरचं आडनाव अजून कितीतरी ठिकाणी सुरक्षेचा प्रश्न म्हणून विचारतात.

काकांनी श्रीलिपीत टाइप केलेली वंशावळ आहे. उघडली की चित्रविचित्र अक्षरं दिसतात.

तो जुना फॉन्ट आहे, युनिकोड नव्हे. फॉन्ट परिवर्तक वापरून युनिकोड करा. ओळखीच्या डीटीपीवाल्याकडे तो असतोच. मग रफार आणि जोडाक्षरं छापील प्रतीशी ताडा, कारण परिवर्तक तिथेच घसरतात. कृतिदेवचंही तसंच.

प्रोग्रॅम बनवणारी कंपनीच बंद पडली तर?

पडतात. पर्सनल अँसेस्ट्रल फाइल हा एकेकाळी घराघरांतला मोफत प्रोग्रॅम २०१३ मध्ये बंद झाला. फॅमिली ट्री मेकरची विक्री थांबवत असल्याचं अँसेस्ट्रीने डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर केलं. पुढे दुसऱ्या कंपनीने तो घेतला म्हणून वाचला. ज्यांच्याकडे जेडकॉमची प्रत होती त्यांना दुसरीकडे जाता आलं.

पण जेडकॉमची नेहमीची फाइल फोटो सोबत नेत नाही, फक्त फोटो कुठे आहे याचा पत्ता नेते. म्हणून दर काही महिन्यांनी तीन गोष्टी काढा: जेडकॉम, प्रोग्रॅमची स्वतःची पूर्ण प्रत (ग्रॅम्प्समध्ये फोटोंसकट एक गठ्ठा निघतो), आणि फोटोंचं फोल्डर जसंच्या तसं. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक क्लाउडवर, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. आणि वर्षातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. न उघडलेल्या प्रतीला प्रत म्हणत नाहीत.

कुलवृत्तांत छापायचा आहे. प्रोग्रॅम थेट पुस्तक काढून देतो का?

देतो, पण वाक्यं इंग्रजी वळणाची येतात. प्रोग्रॅममधून फक्त तक्ते आणि नावांची सूची घ्या, मजकूर स्वतः लिहा. सूची गावाप्रमाणे आणि माहेरच्या आडनावाप्रमाणेही छापा. दिलेल्या लेकींच्या घरी पुस्तक गेलं की आधी तीच पानं उघडली जातात. छपाईला देण्याआधी प्रत्येक घराला त्यांच्यापुरतं पान दाखवून होकार घ्या.

घरात कोणालाच संगणक येत नाही. मग थांबायचं का?

नाही. दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक माणसाला एक क्रमांक, एका क्रमांकाला एक पान. वरती सगळी नावं, मग आई-वडिलांचे क्रमांक, जोडीदाराचा क्रमांक, मुलांचे क्रमांक. खालच्या अर्ध्या पानावर प्रत्येक गोष्ट कोणी सांगितली किंवा कोणत्या कागदावर आहे ते, तारखेसह. कागदाच्या फोटोला आणि जुन्या छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलने तोच क्रमांक. बॉलपेनने नको, पुढच्या बाजूला उठतो. बहुतेक प्रोग्रॅममध्ये तुमचा स्वतःचा क्रमांक भरायला जागा असते, त्यामुळे पुढे नात संगणकावर बसली की वहीचं पान आणि नोंद एकाच क्रमांकाने सापडतील. मधली पंधरा-वीस पानं कोरी सोडा, नवे पाहुणे निघतातच.